घोंगडीची सुरुवात मागावर होत नाही

आज आपण घोंगडीबद्दल बोलणार आहोत. घोंगडी पाहिली नाही अशी बाई आपल्या माणदेशात सापडायची नाही. म्हाताऱ्या माणसांच्या खाटेवर ती असते, बिरोबाच्या आणि खंडोबाच्या जागराला ती अंथरलेली असते. आणि घरात नसली तरी बोलण्यात असतेच. एखादं काम रखडलं की आपण म्हणतो, ‘भिजत घोंगडं पडलंय’. ओलं घोंगडं किती जड होतं आणि वाळता वाळत नाही, हे ज्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं, त्यांच्याच तोंडून हा शब्द आला असणार.

आमच्या गटाला गेली काही वर्षं बोलावणी येतात. कधी शाळेतून, कधी जत्रेतल्या प्रदर्शनातून, कधी एखाद्या संग्रहालयातून. ‘पूर्वी घोंगडी कशी तयार व्हायची ते लोकांसमोर करून दाखवा,’ असं त्यांचं म्हणणं असतं. आम्ही जातो. बहुतेक ठिकाणी काय होतं ते सांगतो. मांडवाच्या मधोमध माग असतो. मागावर विणकर बसतो. धोटा इकडून तिकडे गेला की टकटक आवाज होतो, लोक गोळा होतात, मोबाईलवर चित्रण सुरू होतं. आणि बाजूला, खांबाच्या सावलीला, चरखा घेऊन एक बाई बसलेली असते. तिच्याकडे लोक येतात ते फोटो काढायला. तिला कुणी प्रश्न विचारत नाही.

लोक घरी जाताना समजून जातात, की घोंगडी मागावर तयार होते. हा अर्धा इतिहास झाला. घोंगडीचं मोठं काम माग लागायच्या आधीच झालेलं असतं, आणि त्यातलं पुष्कळसं बायकांच्या हातून झालेलं असतं. ते काम काय होतं, आणि इतिहासात त्याची नोंद कशी झाली, हे आज आम्ही क्रमाने सांगणार आहोत.

सुरुवात मेंढीपासून करू. आपल्याकडची मेंढी म्हणजे दख्खनी मेंढी. सोलापूर, सांगली, सातारा, नगर, पुणे या जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या पट्ट्यातली ही जात. काटक, उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालणारी, कुसळी गवतावर आणि झुडपांच्या पाल्यावर जगणारी. तिची लोकर जाडीभरडी, बहुतेक काळी, आणि थोडीच. एका मेंढीपासून वर्षाला साधारण अर्धा ते पाऊण किलो लोकर मिळते, तीही दोन वेळच्या कातरणीत मिळून. ही लोकर अंगाला टोचते, म्हणून तिचा स्वेटर होत नाही. पण पाऊस, वारा, दगडाची जमीन आणि काट्याकुट्याची वाट यांना टिकणारं कापड हवं असेल, तर याच लोकरीचं हवं.

धनगरांचा वाडा पावसाळा संपला की चरणीला निघतो. कुणी कोकणात उतरतो, कुणी दुसऱ्या मुलखाला जातो, आणि पावसाच्या तोंडाला परततो. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. धनगरांबरोबर हिंडून त्यांच्या ओव्या आणि देवकथा गोळा करणारे जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी हे जग बारकाईनं लिहून ठेवलं आहे. धनगरांच्या दैवतांवरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मन भाषेत निघाला. उघड्या माळावर झोपणाऱ्या माणसाला घोंगडी म्हणजे अंथरूण, पांघरूण, पावसातली खोळ आणि बाळाची झोळी, सगळं एकच. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल आत घेते तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून रिमझिम पावसात घोंगडीची खोळ घेतलेला गुराखी बराच वेळ कोरडा राहायचा.

कातरणीच्या आधी मेंढरं ओढ्यात किंवा नदीत धुतात. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. लोकर कातरून मग धुतली तर ती एकमेकीत गुंतते. मेंढीच्या अंगावरच धुतली तर माती निघून जाते, पण केसाचा तेलकटपणा थोडा राहतो. तो राहायला हवा. त्यानं सूत कातताना लोकर बोटांतून सरकते, आणि पुढे घोंगडीवरून पाणी ओघळतं. शहरातल्या प्रदर्शनात कधी कधी आयोजक सांगतात, ‘लोकर साबणाच्या गरम पाण्यात धुऊन आणा, वास येतो.’ आम्ही नाही म्हणतो. गरम पाणी, साबण आणि चोळणं हे तिन्ही एकत्र आलं की लोकरीचा नमदा होतो. लोकरीच्या केसाला अतिशय बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. बुरणूस करणारे हीच खोड मुद्दाम वापरत, म्हणून बुरणुसाला सूतही लागत नाही आणि मागही लागत नाही. पण ज्या लोकरीचं सूत काढायचं, तिला हे चालत नाही.

कातरलेली लोकर घरी आली की निवडणं. आपण तांदूळ निवडतो तसंच हे काम. काळी वेगळी, पांढरी वेगळी, खैरी वेगळी. पाठीवरची लांब लोकर वेगळी, पोटाखालची आणि पायाची आखूड, मळकी वेगळी. कोकराची पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. ती मऊ असते, ती कधीच बाकीच्या लोकरीत मिसळायची नाही. जावळाची घोंगडी मोलाची समजतात. घोंगडी बहुतेक वेळा रंगवत नाहीत. तिचे काळे-पांढरे पट्टे मेंढीच्या मूळ रंगाचे असतात. म्हणजे घोंगडीवर पट्टा कुठे येणार हे निवडणाऱ्या बाईच्या सुपातच ठरू लागतं. निवडताना कुसळं, सराटे, वाळलेल्या लेंड्या, गुंतलेल्या काड्या हातानं काढायच्या. एक सराटा आत राहिला तर पुढे सूत तिथेच तुटतं, नाहीतर घोंगडी पांघरणाऱ्याच्या मानेला टोचतो. या कामाला अवजार नाही. डोळे, बोटं आणि वेळ, एवढंच लागतं. म्हणून ते कुणाच्या हिशेबातही येत नाही.

त्यानंतर पिंजणं. कमानीला तात ओढून बांधलेली असते. तिचा ठोका लोकरीवर पडला की गुठळ्या सुटतात, धूळ उडते आणि लोकर फुलते. हे काम कुठे पुरुष करतात, कुठे बायका. नाकाला फडकं बांधूनही संध्याकाळी घसा धरतो. पिंजलेल्या लोकरीचे हातानं लांबट पेळू वळायचे. पेळू सारखा झाला तर सूत सारखं येतं.

आता सूत कातणं. उजव्या हातानं चरख्याचं चाक फिरवायचं आणि डाव्या हातानं पेळू मागे ओढायचा. चातीच्या टोकावरून पीळ लोकरीत शिरतो. हात किती मागे न्यायचा, कुठे थांबायचं, पीळ भरला हे कसं ओळखायचं, हे तोंडानं सांगता येत नाही. बोटाला कळतं. त्यातही दोन प्रकार. ताण्याचं, म्हणजे उभं सूत घट्ट पिळाचं लागतं, कारण मागावर त्याला ओढ सोसायची असते. बाण्याचं, म्हणजे आडवं सूत थोडं सैल चालतं, त्यानं घोंगडीला ऊब येते. कातणारीला हे आधी ठाऊक असावं लागतं. म्हणजे विणकराचं निम्मं काम तिच्या डोक्यात आधीच झालेलं असतं.

मैत्रिणींनो, आता एक साधा हिशेब करू. शाळेतल्या मुलांकडून आम्ही तो फळ्यावर करून घेतो. चार फूट रुंद आणि दहा फूट लांब घोंगडी घ्या. इंचाला दहा धागे धरा. चार फुटांचे इंच झाले अठ्ठेचाळीस. म्हणजे उभे धागे चारशे ऐंशी. प्रत्येक धागा दहा फुटांचा. झालं चार हजार आठशे फूट. आडव्या सुताचाही हिशेब तेवढाच येतो. दोन्ही मिळून नऊ हजार सहाशे फूट, म्हणजे जवळजवळ तीन किलोमीटर सूत. एका घोंगडीला! आणि वजन धरलं अडीच किलो, तर निवडण्यातली घट जमेस धरून दहाएक मेंढ्यांची एका वेळची लोकर लागते. हे तीन किलोमीटर कुणाच्या तरी चिमटीतून, टीचटीच करत गेलेलं असतं. सूत तयार असेल तर विणकर थोड्या दिवसांत घोंगडी उतरवतो. सूत काढायला त्याच्या कितीतरी पट दिवस जातात, तेही स्वयंपाक, पाणी, मुलंबाळं, शेरडं-करडं सांभाळून. म्हणून एक माग चालू ठेवायला अनेक चरखे फिरावे लागत. घरातल्या सासवा, सुना, लेकी, शेजारणी, सगळ्यांचे.

या कामाची नोंद जुन्या काळात कुणी केली का? केली आहे, आणि ती ऐकण्यासारखी आहे. कौटिल्याचं अर्थशास्त्र हा राज्यकारभारावरचा ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. मधल्या काळात तो दिसेनासा झाला होता. १९०५ साली म्हैसूरला त्याची पोथी उजेडात आली आणि १९०९ साली तो छापला गेला. त्यात ‘सूत्राध्यक्ष’ या अधिकाऱ्यावर एक अख्खा अध्याय आहे. सूत्राध्यक्ष म्हणजे राजाच्या सूतकामाचा प्रमुख. त्यानं कशाकशाचं सूत कातून घ्यावं त्याची यादी आहे, आणि त्या यादीत पहिलं नाव लोकरीचं आहे. कापूस त्यानंतर येतो. कुणाकडून कातून घ्यावं त्याचीही यादी आहे. विधवा, अपंग बायका, लग्न न झालेल्या मुली, संन्यासिनी, दंड फेडण्यासाठी काम करणाऱ्या बायका, म्हाताऱ्या झालेल्या गणिका आणि राजवाड्यातल्या वृद्ध दासी. ज्यांना दुसरा आधार नाही अशा बायकांची ही यादी आहे, हे आपल्या लगेच लक्षात येईल.

पुढचे नियम तर आजच्या बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवावेत असे आहेत. मजुरी सुताचा बारीकपणा पाहून ठरवायची. जास्त सूत काढणारीला डोक्याला लावायला तेल आणि आवळा द्यायचा. सणाच्या दिवशी काम घेतलं तर वेगळं काही द्यायचं. ज्या बायका घराबाहेर पडत नाहीत, त्यांना दासीमार्फत घरी काम पाठवायचं. ज्या पहाटे सूतशाळेत सूत घेऊन येतील, त्यांच्या वेळी दिवा फक्त सूत तपासण्यापुरता लावायचा. अधिकाऱ्यानं बाईच्या तोंडाकडे पाहिलं किंवा कामाबाहेरचं बोलणं काढलं, तर त्याला दंड. मजुरी द्यायला उशीर केला, तर त्याहून मोठा दंड. पण त्याच अध्यायात असंही आहे, की मजुरी घेऊन काम न करणाऱ्या बाईचा अंगठा तोडावा. कातणारीचा अंगठा! म्हणजे काळजी होती आणि क्रूरताही होती. हा ग्रंथ आपल्या मुलखाबद्दल लिहिलेला नाही, आणि नियम लिहिले म्हणजे ते पाळले गेले असंही नाही. पण एक गोष्ट त्यातून पक्की होते. दोन हजार वर्षांपूर्वी राज्य चालवणाऱ्यांना ठाऊक होतं, की सूत बायका काढतात, ते मोजावं लागतं, आणि त्याची मजुरी वेळेवर द्यावी लागते.

आता परत आपल्या मुलखात येऊ. घोंगडी विणण्याचं काम आपल्याकडे मुख्यतः सणगर आणि खुटेकर धनगर करत आले. कोल्हापुरात सणगर गल्ली आजही आहे. खुटेकर हे नाव खुंट्यावरून पडल्याचं सांगतात. ताणा लावायला जमिनीत खुंटे ठोकावे लागतात, त्यावरून. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियरं निघाली. सोलापूरचं १८८४ साली, साताऱ्याचं १८८५ साली. कोणत्या जातीचे लोक काय काम करतात, काय खातात, काय नेसतात हे त्यांत सविस्तर आहे. घोंगडी विणणाऱ्यांची नोंदही आहे. इतिहास शिकणाऱ्याला ही पुस्तकं फार उपयोगाची. पण कारागीर जातींबद्दल वाचत गेलं की त्यांत एक ठरलेलं बोलणं पुन्हा पुन्हा भेटतं, बायका पुरुषांना कामात मदत करतात. ‘मदत’ हा शब्द तिथून जो चिकटला तो अजून सुटलेला नाही. कौटिल्याच्या हिशेबात सूत कातणारी ही मजुरी घेणारी कामकरीण होती. गॅझेटियरात ती मदतनीस झाली.

सूत झाल्यावरचं कामही बघा. गल्लीत नाहीतर मोकळ्या पटांगणात खुंटे ठोकून ताणा लावतात. शेकडो धागे एकसारख्या ताणात आणि आपापल्या क्रमानं. त्याला दोन माणसं तरी लागतात, आणि ती बहुधा नवरा-बायको असतात. मग खळ. लोकरीच्या सुताला बाहेर केस असतात. मागावर धागे वर-खाली होताना ते एकमेकांना धरतात. खळ दिली की केस बसतात आणि सुताला ताठपणा येतो. ही खळ चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवायचे, वाटायचे आणि शिजवायचे. वरवंटा कुणाच्या हातात असतो हे सांगायला नको. खळ पातळ झाली तर उपयोग नाही, घट्ट झाली तर सूत चिकटून बसतं. ती कुंच्यानं ताण्यावर एकाच दिशेनं लावायची आणि उन्हात वाळू द्यायची. ढगाळ दिवशी हे काम होत नाही. नवी घोंगडी ताठ लागते आणि तिला एक आंबूस वास येतो, तो या चिंचोक्याचा. वापरात आणि धुण्यात खळ निघून गेली की मग घोंगडी मऊ पडते.

यानंतर माग येतो. खड्ड्यात पाय सोडून विणकर बसतो, पायानं धागे आळीपाळीनं वर-खाली करतो, धोटा फेकतो, ठोकतो. वीण साधी, एक वर एक खाली. काठ सरळ ठेवणं, ठोका सारखा मारणं, पट्टे बरोबर आणणं यात कौशल्य आहेच, आणि ते आम्ही कमी लेखत नाही. आमच्याबरोबर येणारे विणकर काका स्वतःच लोकांना सांगतात, ‘सूत चांगलं असलं तर मी विणकर, नाहीतर मी नुसता गाठी मारणारा.’ विणून उतरल्यावर दशा वळायच्या, काठ शिवायचा. तिथे परत बाई येते.

हे सगळं करून दाखवण्याची गरज काय, पुस्तकात वाचता येत नाही का, असं कुणी विचारतं. त्याचं उत्तर असं. लोकर मातीत टिकत नाही. आपल्या हवेत ओल आणि कसर तिला खाऊन टाकते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनं गाव. तिथे घरं, भांडी, धान्य, जनावरांची हाडं सापडली. शेळ्या-मेंढ्यांचीही हाडं आहेत. हाड राहतं, दगड राहतो, खापर राहतं. पांघरूण राहत नाही, आणि ते करणाऱ्या हातांची खूण तर राहतच नाही. जे मातीत टिकत नाही आणि कागदावर ‘मदत’ म्हणून लिहिलं जातं, ते फक्त करणाऱ्याच्या हातात टिकतं. एका हातातून दुसऱ्या हातात गेलं तर पुढे जातं, नाहीतर तिथेच संपतं. म्हणून ते करून दाखवायचं. बघणाऱ्याला ती करमणूक वाटली तरी आमच्या दृष्टीनं ते इतिहासाचं साधन आहे. साधन असेल तर ते खरं असलं पाहिजे.

त्यासाठी आमच्या गटानं काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. दुसऱ्या गटांना उपयोग होईल म्हणून सांगतो.

मांडवात शिरल्यावर पहिल्यांदा माग दिसणार नाही, अशी मांडणी करायची. आधी पाच सुपं. पहिल्यात कातरून आणलेली लोकर जशीच्या तशी, कुसळांसकट. दुसऱ्यात निवडलेली. तिसऱ्यात पिंजलेली. चौथ्यात पेळू. पाचव्यात सूत. एका तासाच्या कार्यक्रमात पंधरा दिवसांचं काम दाखवता येत नाही, पण पाच सुपं शेजारी शेजारी ठेवली की ते डोळ्यांना कळतं. येणाऱ्याच्या मुठीत पहिल्या सुपातली लोकर द्यायची आणि एक तरी सराटा काढायला लावायचा. मुलं ‘वास येतो’ म्हणून नाक दाबतात आणि मग पाच मिनिटांत सराटे काढण्याची शर्यत लावतात.

चरखा मांडवाच्या मधोमध. कातणारी स्वतः बोलते, तिच्या वतीनं दुसरं कुणी बोलत नाही. तिला व्यासपीठावर बोलायची सवय नसली तरी चालतं. हात चालू असले की तोंडही चालतं. कुणालाही चरख्यावर बसू द्यायचं. सूत तुटतं. तीनदा तुटल्यावर माणूस जे बघतो ते वेगळ्या डोळ्यांनी बघतो.

जे बदललं आहे ते सांगायचं. प्रदर्शनाच्या मैदानात खड्डा खणता येत नाही, म्हणून आम्ही चौकटीचा छोटा माग नेतो. तिथे मोठ्या अक्षरांत पाटी असते, की घरचा माग खड्ड्याचा असतो, हा फक्त दाखवण्यापुरता आहे. एका ठिकाणी आम्हाला सांगण्यात आलं, की काळी लोकर फोटोत उठून दिसत नाही, बाजारातलं रंगीत सूत वापरा. त्या सुतात लोकर औषधालाही नव्हती. तसं करून त्याला जुनी परंपरा म्हणायचं असेल, तर आम्ही येणार नाही असं कळवलं. बायकांना ‘नऊवारी नेसून, नथ घालून बसा’ असंही सांगतात. ज्या नऊवारी नेसतात त्या नेसूनच येतात. बाकीच्या रोजच्या कपड्यांत येतात. लोकर पिंजताना नथ घालून कुणी बसत नव्हतं.

शेवटची गोष्ट मानधनाची. एका कार्यक्रमाचा अर्ज आला, त्यात दोन रकाने होते. कारागीर आणि मदतनीस. मदतनिसाला कारागिराच्या निम्मे पैसे. विणकराचं नाव कारागिरात आणि बाकीच्या तिघींची नावं मदतनिसांत लिहावीत अशी अपेक्षा. दीडशे वर्षांपूर्वीचा शब्द आमच्यासमोर छापील अर्जात येऊन बसला होता. आम्ही चारही नावं कारागिराच्या रकान्यात लिहिली. निवडणारी, खळ करणारी, कातणारी, विणणारा. विणकर काकांनी पहिली सही केली. त्या कार्यक्रमात पैसे सारखे मिळाले. त्यानंतर दोन ठिकाणी मिळाले नाहीत. तिथे आम्ही आलेली एकूण रक्कम चौघांत सारखी वाटली. पण अर्ज मात्र तसाच भरतो, दर वेळी.

हा फक्त पैशाचा प्रश्न नाही, आणि पैशाचा नाही असंही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या खांद्यावरची घोंगडी सगळ्या साताऱ्याला ठाऊक आहे. संतांच्या अभंगांत घोंगडी आहे. मावळ्याचं चित्र काढताना आजही चित्रकार त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकतो. महाराष्ट्राच्या इतिहासात घोंगडी पांघरलेली माणसं पुष्कळ आहेत. तिचं सूत काढणारी बाई मात्र एकाही चित्रात नाही.

आणि आता वेळ थोडा आहे. लोकरीला आज असा भाव मिळतो, की बऱ्याच ठिकाणी कातरणीची मजुरीही सुटत नाही. मेंढपाळ लोकर बांधावर टाकून देतात. मटणासाठी माडग्याळसारख्या, कमी लोकरीच्या मोठ्या मेंढ्यांकडे कल गेला आहे, आणि त्यात मेंढपाळांची चूक नाही, पोट त्यावर चालतं. पण दख्खनी मेंढीची लोकर मिळेनाशी झाली आणि चरख्यावरच्या म्हाताऱ्या हातांनी कुणाला शिकवलं नाही, तर माग शाबूत असूनही घोंगडी होणार नाही. माग संग्रहालयात ठेवता येतो. काचेच्या कपाटात चरखाही ठेवता येतो. पीळ भरला हे ओळखणारं बोट तिथे ठेवता येत नाही.

म्हणून ऐकणाऱ्या मैत्रिणींना एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत लोकरीचं सूत काढलेली एखादी आजी, मावशी, आत्या असेल तर या आठवड्यात तिच्याजवळ जाऊन बसा. तिला विचारा, लोकर कशी निवडायची, खळीला किती चिंचोके, ताण्याचं सूत कसं ओळखायचं. ती वापरेल ते शब्द तसेच लिहून घ्या, आपल्या पुस्तकी भाषेत बदलू नका. तिच्यापुढे पेळू ठेवा आणि हात बघा. जमलं तर स्वतः चार वीत सूत काढून बघा. आणि तिचं पूर्ण नाव लिहा. त्याच्यापुढे ‘मदत’ लिहू नका, कारागीर लिहा.